तारेवर वाळवलेला मका

गल्लीत तिला सगळे बीवाली मावशी म्हणत. मक्याचं बी दरवर्षी तीच राखायची आणि पेरणीआधी घरोघर वाटायची. बाजारचं बी इथे फारसं तग धरत नसे, कारण शेतांना लागूनच तेलकंपनीची बुटकी चिमणी होती आणि तिच्या तोंडाशी वाया जाणारा गॅस रात्रंदिवस जळत असे. कुंपणालगतच्या मक्याचे तुरे वेळेआधीच करपत आणि कणसं अर्धी पोकळ राहत. त्यातूनही भरलेली कणसं मावशी बरोबर हेरायची. तिचं बी आजवर फसलं नव्हतं, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

यंदा काढणी उरकली तरी पाऊस हटेना. कणसांना बुरशी लागायची चिन्हं दिसू लागली. मग कपडे वाळवायला सगळे जिथे जात, तिथेच मावशी गेली. कुंपणाच्या तारेवर, जाळासमोर तिने कणसं टांगली. अधूनमधून तळहात लावून पाहायची. कोमट लागायची, म्हणजे ठीकच होतं.

बी वाटून झालं, पेरण्या सुरू झाल्या. घरचे मूठभर दाणे तिने ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. आज फडकं सोडलं तर एकाही दाण्याला कोंब नाही. नुसते फुगून बुळबुळीत झालेले.

तिला मुलाचे शब्द आठवले. कणसं तारेवर होती तेव्हा शहरातला मुलगा आला होता. त्याने एकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "आई, हे भाजतंय." तेव्हा ती हसली होती. शहरात राहून तुझे हात लोण्याचे झाले, म्हणाली होती.

"गप्प राहा," नवरा दाराकडे बघत हळूच म्हणाला. "उगवलं नाही तर चिमणीवर खापर फुटेल. एरवीही तिच्यावरच फुटतं."

"आणि तोवर जमिनीतली ओल बसून राहणार आहे होय?" मावशीने चपला अडकवल्या. गप्प राहिली असती तर तिचं नाव राहिलं असतं आणि गल्लीचा हंगाम गेला असता. एवढं कळायला तिला कुणाची गरज नव्हती.

धाकट्या जावेचं निम्मं शेत पेरून झालं होतं.

"थांब," मावशी म्हणाली. "बी मेलंय. माझ्या हातून भाजलं."

जाऊ सावकाश ताठ उभी राहिली. "सगळं?"

"सगळं. मागे काही ठेवलं नाही. बाजारात मिळेल ते आण आणि आजच पेर. मी बाकीच्यांना सांगत जाते."

"आणि हे पोत्यातलं?"

"दळून आण. खायला वाईट नाही."

सासूने हातात ठेवलेलं बी होतं ते, आता पिठात जाणार होतं. जावेने चार शब्द सुनावावेत, म्हणजे सुटल्यासारखं होईल, असं तिला वाटलं.

जावेने मातीने माखलेले तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"ताई, कणसं फिरवायला मी रोज तुमच्याबरोबर होते," ती म्हणाली. "मलाही ती गरम लागली नाहीत."