मामा मैदानावर नसताना

माणसांविषयी लिहावं ते ज्यांनी पुष्कळ माणसं पाहिली आहेत त्यांनी. मी आजवर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील अकोल्याजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, आणि मुलगी काय शिकते असं कोणी विचारलं तर "आयर्लंडात काहीतरी आकडेवारीचं आहे" एवढं सांगून पुन्हा पान्हा हातात घेतात. तेव्हा हे लिहायला बसल्याबद्दल आधीच माफी मागते. पण ज्यांच्याविषयी लिहायचं ते स्वतः लिहिणार नाहीत, त्यांच्या भाचीला लिहायचा कंटाळा आहे, आणि कोणीतरी लिहायला हवं असं मला सारखं वाटतं. हरणाऱ्या संघाचे चाहते जगात पुष्कळ असतील. पण त्या हरण्याचा सगळा दोष स्वतःच्या पायांवर घेणारा चाहता माझ्या रूममेटच्या मामांशिवाय दुसरा नसावा.

मामा शॅननला राहतात आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. फार वर्षांपूर्वी ते नागपूरहून लिमरिकला, आमच्याच कॉलेजात, शिकायला आले. पहिल्या शनिवारी ओळखीचं कोणी नाही, खोलीतला हीटर कसा लावायचा ते कळत नाही, म्हणून अंगात ऊब यावी यासाठी ते चालत सुटले आणि हॉकीच्या मैदानापाशी जाऊन थांबले. तिथे कॉलेजचा मुलांचा संघ हरत होता. संघाचा कोच डेक्लन, लाल कानांचा उंच माणूस, त्याने या एकट्या उभ्या असलेल्या मुलाच्या हातात चहाचा कागदी कप दिला आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये, तेव्हा आम्ही जरा बरं खेळू." त्या आश्वासनावर मामा आजतागायत जात आहेत. दरम्यान त्यांचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, ती मुलगी आता त्यांच्या मराठी प्रश्नांना अस्सल आयरिश इंग्रजीत उत्तरं देण्याएवढी मोठी झाली. संघातली मुलं तर दर तीन-चार वर्षांनी बदलतातच. मामा आणि डेक्लन तेवढे तेच राहिले, आणि निकालही साधारण तोच राहिला. स्वतः मामांनी शाळेत हॉकीची स्टिक हातात धरली होती ती खेळणाऱ्या मुलांच्या स्टिका गोळा करून खोलीत ठेवण्यापुरती.

मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात केतकीने, म्हणजे माझ्या रूममेटने, मला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी जेवलीस का विचारलं, थंडीचे कपडे पुरेसे आहेत का विचारलं, आणि मग अगदी गंभीर होऊन म्हणाले, "शनिवारी मॅच आहे. आता तुझंही कॉलेज झालं ते. हरायची सवय करून घे." मला वाटलं गंमत करताहेत. शनिवारी आम्ही पाच गोलांनी हरलो तेव्हा कळलं की त्यांनी मला फक्त सावध केलं होतं.

मामांचा शनिवार शुक्रवारीच सुरू होतो. संध्याकाळी ते घरात हळू आवाजात बोलू लागतात, टीव्हीचा आवाज कमी करतात, जेवताना दुसऱ्यांदा भात घेत नाहीत. मामी म्हणतात, "शुक्रवारी रात्रीपासून आमच्याकडे सुतक असतं. गेलेलं माणूस कोण ते दुसऱ्या दिवशी कळतं." शनिवारी सकाळी मात्र त्यांच्यात एकदम उत्साह संचारतो, कारण बटाटेवडे करायचे असतात. इथल्या हॉकीत एक फार चांगली पद्धत आहे. सामना संपला की यजमान संघाने पाहुण्या संघाला चहा-फराळ द्यायचा. तासभर ज्यांनी एकमेकांच्या नडग्या सोलल्या ती मुलं शेजारी शेजारी बसून खातात. पूर्वी आमची मुलं पाहुण्यांसमोर पावाचे तुकडे आणि वेफर्सच्या पिशव्या फोडून ठेवत. मामांना ते बघवलं नाही. तेव्हापासून आमच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला त्यांचे वडे असतात. याचा परिणाम असा झाला की आसपासच्या सगळ्या गावांचे संघ आमच्याशी खेळायला हौसेने येतात. जिंकायची खात्री आणि वर गरम वडे, असं दुसरीकडे कुठे मिळणार? एकदा एक पंच तर म्हणाला होता की या मैदानावर ड्यूटी लावून घेण्यासाठी आम्हा पंचांमध्ये भांडणं होतात.

सामना चालू असताना मामा कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ उभे राहतात आणि मराठीत ओरडतात. इंग्रजीत ओरडायला त्यांना वेळ पुरत नाही. "अरे बाळा, डावीकडे कोणी नाहीये, दे ना तिकडे," असं ते आडनाव मर्फी असलेल्या मुलाला कळवळून सांगतात, आणि तो मुलगाही मान हलवून उजवीकडे देतो. वर्षानुवर्षं ऐकून मुलांना 'पुढे' आणि 'मागे' हे दोन शब्द पक्के कळू लागले आहेत. त्यातला दुसराच जास्त उपयोगी पडतो.

हे सगळं हौसेचं झालं. दुखणं वेगळंच होतं. मुलगी झाली तेव्हा मामा काही शनिवार जाऊ शकले नाहीत, आणि नेमका तेव्हा संघ जिंकला. पुढे भावाच्या लग्नाला नागपूरला गेले, संघ पुन्हा जिंकला. एकदा ताप आला म्हणून घरी राहिले, तर बरोबरी. मामांनी या गोष्टी एकापुढे एक मांडल्या आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपला पायगुण वाईट आहे. हे त्यांनी इथल्या कोणाला सांगितलं नाही, कारण पायगुण म्हणजे काय ते डेक्लनला समजावणार कसं? पण उपाय सुरू केले. आधी उजवा पाय टाकून मैदानात शिरून पाहिलं. मग पेनल्टी कॉर्नरच्या वेळी पाठ करून उभं राहून पाहिलं. काही दिवस तारेच्या कुंपणाबाहेरून सामने पाहिले, तिथे त्यांना एका बाईंनी कुत्रा हरवलाय का म्हणून विचारलं. शेवटी त्यांना नामी युक्ती सुचली. पाय वाईटच असेल तर तो समोरच्यांना का लावू नये? म्हणून ट्रली गावाच्या संघाविरुद्धच्या सामन्याला ते प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि पूर्ण वेळ त्यांच्या नावाने टाळ्या वाजवत राहिले. आम्ही सात गोल खाल्ले. ट्रलीकरांना हा माणूस इतका आवडला की त्यांनी जाताना त्याच्या डोक्यावर आपल्या क्लबची लोकरी टोपी घातली. ती टोपी मामींनी घरातल्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, सगळ्यात खाली ठेवून दिली आहे. मामांसमोर तिचा विषय काढायचा नाही असं आम्हाला बजावलेलं आहे.

या वर्षी मार्चमध्ये एका सामन्यानंतर डेक्लन चहाचा कप घेऊन मामांच्या शेजारी येऊन बसला. मी आणि केतकी वडे वाढत होतो.

"कॉलेजचं ठरलंय," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारचा शेवटचा सामना हरलो तर आपण खालच्या गटात जातो. आणि तसं झालं तर पुढच्या वर्षी मुलांचा संघ उतरवायचाच नाही म्हणतात. अकरा मुलं जमवतानाच आमची दमछाक होते, त्यांचंही काय चुकतं."

"बरोबरी झाली तर?" मामांनी विचारलं.

"बरोबरी झाली तर ग्रँड. राहतो आपण."

मामांनी हातातला वडा परत ताटलीत ठेवला. मग आम्हा दोघींना गाडीत घेऊन ते शॅननला निघाले. घरी आल्यावर जोडे काढता काढता म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी येणार नाही."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. इतकी वर्षं या हॉकीला नावं ठेवणाऱ्या त्याच, पण त्या म्हणाल्या, "अहो, असं काय करता? शेवटचं असेल कदाचित. बघून तरी या."

"शेवटचं होऊ नये म्हणूनच जायचं नाही."

"मामा, तू ना अशक्य आहेस," केतकी म्हणाली. "तू काय गोलपोस्ट आहेस का, तू असलास-नसलास म्हणून फरक पडायला?"

ते माझ्याकडे वळले. मी आकडेवारी शिकते, त्यामुळे माझं मत त्यांना आधारासाठी हवं होतं की विरोधासाठी, ते मला कळलं नाही. मी चाचरत म्हटलं, "मामा, तुम्ही नसताना जे सामने झाले ते फारच थोडे आहेत. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. सॅम्पल लहान आहे."

"अगं, मी एकच आहे. सॅम्पल मोठं कुठून आणू?" ते म्हणाले. "कारखान्यात एक गोष्ट बदलली आणि माल सुधारला, तर आम्ही ती गोष्ट बदललेलीच ठेवतो. कारण नंतर शोधतो. तू याला अंधश्रद्धा म्हण. मी क्वालिटी म्हणतो."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आमच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण आहे. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून ते मला सांगता आलं नाही. ते संघाला काही देऊ शकत नव्हते. खेळता येत नव्हतं, कॉलेजात त्यांचं कोणी ऐकणार नव्हतं. न येणं एवढीच एक गोष्ट त्यांच्या हातात होती, आणि त्यांना सगळ्यात जड जाणारी गोष्टही तीच होती.

शनिवारी पहाटे उठून त्यांनी वडे केले, नेहमीपेक्षा जास्त केले, डबे आमच्या हाती दिले. समोरचा संघ मलिंगारचा, म्हणजे पूर्वेकडचा, म्हणून मामा मामींना घेऊन पश्चिमेला, किलकीच्या समुद्रावर निघाले. स्वतःचा फोन घरी ठेवला. मामींना सांगितलं, तुझा बंद ठेव, चहा उरकेपर्यंत चालू करायचा नाही. आम्हाला म्हणाले, "डेक्लनला सांगा, मला बरं नाही. आणि मर्फीला सांगा..." पुढे काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही. "जाऊ दे. खेळेल तो."

आणि मुलं खरंच खेळली. हॉकीतलं मला अजूनही फारसं कळत नाही, पण त्या दिवशी आमची मुलं चेंडूच्या मागे धावण्याऐवजी चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभी राहत होती. मलिंगारने एक गोल केला, मर्फीने तो फेडला. डावीकडून आलेल्या चेंडूवर. केतकीने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ उठला. पाऊस आडवा येत होता, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ कोणी नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की माझी आकडेवारी चुकीची आणि मामांचा पायगुण खरा. एका मुलीने आपल्या शिक्षणाविरुद्ध इतक्या मनापासून प्रार्थना क्वचितच केली असेल. एक-एक अशी बरोबरी शेवटपर्यंत टिकत आली होती. मग मलिंगारला पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आमच्याच एका मुलाच्या स्टिकला लागून, दिशा बदलून, हळूहळू आत गेला. जोरात गेला असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.

चहाच्या वेळी मलिंगारची मुलं आमच्या मुलांच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसली होती. वडे मात्र सगळे संपले. डेक्लन माझ्याजवळ आला.

"आज तुमचा माणूस कुठे आहे? आजारी आहे म्हणे, फार काही नाही ना?"

मला खोटं बोलवेना. मी जमेल तसं सांगितलं. पाय, नशीब, समुद्र. 

"त्याच्यामुळे?" तो म्हणाला. "अगं, आमच्याकडे गोल करणारा माणूस नाही म्हणून हरतो आम्ही. इतकी वर्षं त्याला हे वाटत होतं? मला एकदा तरी बोलायचं होतं त्याने." आणि तो कप तसाच हातात धरून बाहेर, रिकाम्या मैदानाकडे गेला.

मामींचा फोन लागला तेव्हा आमची भांडी धुऊन झाली होती. केतकीने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मामींचा आवाज आला, "थांब, यांना देते, कधीचे पाण्याकडे तोंड करून उभे आहेत." मग नुसता वारा.  कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

"मामा, हरलो आपण. दोन-एक."

 मी फोन कानाशी घट्ट धरला.

"मी नसताना?" त्यांनी विचारलं.

"हो मामा. तुम्ही नसताना."

"म्हणजे माझा पाय नव्हता," ते म्हणाले. इतका हलका आवाज मी त्यांच्या तोंडून शनिवारी कधी ऐकला नव्हता. ते मामींनाही सांगत होते, अगं, माझ्यामुळे नव्हतं ते, ऐकलंस का. मामी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. मग पुन्हा वारा, आणि त्यातून त्यांचा नेहमीचा, शुक्रवारचा आवाज.

"मग आलो असतो तरी चाललं असतं गं."