फिरत्या घराला कोणता रंग

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांची कपाटं केली, पलंग केले, दारं बसवली. काम सोडल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी करायला घेतलं. गाडीमागे जोडायच्या दोन चाकी ट्रेलरवर त्यांनी लाकडाचं फिरतं घर उभं केलं. आत दोघांपुरता बिछाना, घडीचं टेबल, एक खिडकी. सांधे असे, की नख शिरायचं नाही.

"अहो, बाहेरून रंग कोणता देताय?" एक दिवस बायकोने विचारलं.

"रंग कसला? वॉर्निश. एवढं देखणं लाकूड काय झाकून टाकायचं?"

बायको चौतीस वर्षं दवाखान्यात नर्स होती; गल्लीत अजूनही सगळे तिला सिस्टरच म्हणत. वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने उरलेल्या लाकडाचे सहा तुकडे घेतले, एकावर मिस्त्रींकडूनच वॉर्निश मारून घेतलं, बाकीच्यांना वेगवेगळ्या प्रकारचे रंग दिले आणि सगळे गच्चीच्या कठड्याला ऊन-पावसात बांधून टाकले. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर आणि तारीख. दर रविवारी चष्मा लावून ती राउंडला जायची.

"दोन नंबरला फोड आलेत. पाच नंबरची तब्येत ठणठणीत."

मिस्त्री हसायचे. "पेशंट दगावला की मला हाक मार."

सातव्या महिन्यात तिने हाक मारली. वॉर्निशचे पापुद्रे सुटले होते, खालचं लाकूड काळं पडलं होतं. मिस्त्रींनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, खाली ठेवला आणि दोन दिवस गच्चीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "तो पाच नंबर म्हणजे कुठला?"

"घराच्या बाहेरच्या भिंतींना देतात तो, पाण्यात कालवायचा. आत मात्र काही लावायचं नाही हं. तुमचं लाकूड मला दिसायला हवं."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. पण छटा कोणती, हा प्रश्न उरलाच होता. त्यांनी पांढरा सुचवला, तर सिस्टरने हातच जोडले. "अख्खी नोकरी पांढऱ्यात काढली मी!" तिला गडद निळा हवा होता. मग या वेळी प्रयोग मिस्त्रींनी केला. एक तुकडा गडद निळा रंगवून भर दुपारी उन्हात ठेवला आणि तिला हात लावायला सांगितलं. चटका बसला तशी तिने बोटं झटकली.

"आत आपण भाजून निघू. शिवाय माझे सांधे उकलतील ते वेगळंच."

"लाकडाचे की गुडघ्यांचे?"

रंगाच्या दुकानात तासभर गेला. शेवटी सिस्टरने पिकल्या पेरूच्या सालीसारख्या फिक्या पिवळ्यावर बोट ठेवलं. मिस्त्री मान तिरकी करून बघत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या घरात याला होकार समजत.

लाकूड त्यांनी घासून दिलं, ब्रश तिने चालवला. मागच्या बाजूला एक ओघळ राहिला. मिस्त्रींना तो लगेच दिसला. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. इथे त्यांनी तिचा ब्रश धुवून ठेवला.

पहिला मुक्काम तळ्याकाठी पडला. फिरायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "छान आहे हो, कुठून आणलंत?"

"घरीच केलंय," मिस्त्री म्हणाले. "सुतारकाम माझं. बाहेरची जबाबदारी सिस्टरची."

सिस्टर हसत आतून बाहेर आली. त्यांनी पायरीवर सरकून तिला जागा केली.