चौघींची डोली

आज मुंबईतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. वरच्या मजल्यावरच्या आजारी आजींना दोन माणसं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणत होती. खुर्ची कठड्याला घासली, त्या आवाजाने मी दार उघडलं.

दोन हजार एकची ती दुपार. कोकणातल्या आमच्या वाडीला रस्ता नव्हता, आणि शिमगा करून पुरुष मुंबईला परतले होते. सासूबाईंच्या छातीत कळ आली. माझी हाक ऐकून तिघीजणी हातातलं काम टाकून आल्या. शाळेतली खुर्ची दोन बांबूंना सुंभाने बांधली आणि आम्ही चौघींनी डोली उचलली. कातळ तापला होता. काजूच्या बोंडांचा आंबूस वास वाटभर होता.

निम्म्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "खाली ठेवा गो बायांनो. खांदे सोलले असतील तुमचे."

आम्ही डोली ठेवली, पाणी प्यायलो, परत उचलली. सावर्ड्याच्या डांबरी रस्त्याला लागेपर्यंत कोणी बोललं नाही. त्याही नाहीत. तिथे उभ्या असलेल्या जीपवाल्याने त्यांचा हात धरून पाहिला आणि चालू ठेवलेली जीप बंद केली.

मी रडले नाही. उजवा खांदा आठवडाभर लाल होता, एवढंच आठवतं.

"ताई, दार जरा ओढून घेता का? खुर्ची वळत नाही," जिन्यातला माणूस धापा टाकत म्हणाला.

मी दार ओढून घेतलं. आतून कडीही लावली.