मिराबेलचा वास

वसईचा इग्नेशियस दुबईच्या एका हॉटेलातल्या जर्मन रेस्टॉरंटमध्ये कित्येक वर्षं दारू ओतत होता, पण थेंब कधी जिभेला लावला नव्हता. त्याच्या बायकोचा, जीनचा, बाप दारूपायी गेलेला. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, "बारमध्ये काम कर, पण तू प्यायची नाहीस आणि बाटली घरात आणायची नाहीस." त्यानं शब्द पाळला.

त्यामुळे त्याचं सगळं शिक्षण नाकानं झालं. मॅनेजर कुर्टसाहेब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडचे, घरची फळबाग असलेले. पाण्यासारखी नितळ ब्रँडी इवल्याशा ग्लासात ओतून ते म्हणायचे, "रंग शोधू नकोस. वास घे." चेरीच्या किर्शला बियांमुळे बदामाची पुसट झाक. नासपतीची ब्रँडी नाकाशी नेली की आत्ताच फळ चिरलंय असं वाटे. निळ्या आलुबुखारांची जरा रांगडी. आणि साहेबांची लाडकी मिराबेल, गोटीएवढ्या पिवळ्या आलुबुखारांची.

"टोपल्यांनी फळं आंबवावीत, तांब्याच्या भांड्यात त्यांची वाफ धरावी, तेव्हा कुठे एक बाटली," साहेब सांगत. "चांगल्या ब्रँडीचा रिकामा ग्लाससुद्धा दुसऱ्या दिवशी दरवळतो." सकाळच्या शिफ्टला इग्नेशियस धुण्याआधी एकेक ग्लास हुंगायचा. दिवस चांगला जायचा.

मग मंदी आली. बांधकामं थांबली, जर्मन इंजिनियर एकेक करून मायदेशी गेले, टेबलं ओस पडली. पुढच्या उन्हाळ्यात रेस्टॉरंटच खलास. कुर्टसाहेब गावी परतले. इग्नेशियसला जवळच्या अजमान शहरात एका हॉटेलच्या बुफेवर काम मिळालं. तिथल्या ग्लासांना साबणाचा वास यायचा, नाहीतर डब्यातल्या ज्यूसचा.

चार-पाच वर्षांनी साहेब दुबईला आले ते थेट इग्नेशियस-जीनच्या अजमानच्या फ्लॅटवर. जीननं कोळंबीचं कालवण केलं होतं. जेवण झाल्यावर साहेबांनी बॅगेतून बाटली काढली, "माझ्या बागेतली मिराबेल!" इग्नेशियसनं बाटलीला हात लावला नाही. जीननं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतः उठून ग्लास आणला. "पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?" साहेब काय ते समजले. एक घोट घेतला, बाटली बुचासकट परत बॅगेत ठेवली आणि निरोप घेतला.

सकाळी भांडी घासता घासता जीननं हाक मारली, "इकडे ये जरा. या ग्लासात काय होतं?"

"तेच. कालचं."

तिनं ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "मला वाटायचं, सगळ्या दारूला पप्पांच्या शर्टाचाच वास येतो. हे तर पिकलेलं फळ आहे रे."

इग्नेशियस स्टूल ओढून बसला. इतक्या वर्षांत बारमधली एकही गोष्ट त्यानं घरी बोलून दाखवली नव्हती. किर्श, नासपती, साहेबांचे जोक, बंद होण्याच्या दिवशी पालथ्या घातलेल्या खुर्च्या, सगळं तो सांगत सुटला. जीन ओल्या हातांनी ऐकत राहिली.

"या फळाचं झाड केवढं असतं पण?" तिनं विचारलं.

"मी कुठे पाहिलंय!"

"मग विचार ना साहेबांना. गेले नसतील अजून."

त्यानं फोन उचलला.