एकही भोक न पाडता

सकीनाआपाकडे कॅनडाहून आलेल्या नसरीनचा फोन आला तेव्हा मी इथे अमिरातीत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. "शैलाखाला, अम्मीचा इंतकाल झाला. सकाळी उठलीच नाही," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून पूर्ण केली. दुसरं काय करतात ते सुचेना. त्या दिवशीच्या भाजीत देठच देठ होते. सुनेनं निमूट जेवण आटोपलं आणि मला अल कुसैसला आपाच्या घरी नेऊन सोडलं.

सकीनाआपाला दुपारच्या नमाजानंतर पुरुष घेऊन गेले. आम्ही बायका घरातच थांबलो. कुराण वाचणाऱ्या बायकांमध्ये मी, कपाळावर टिकली लावलेली पुण्याची म्हातारी, खिडकीपाशी बसले. कारण ती माझी नेहमीची जागा. खाली पार्किंगमध्ये तिची गाडी राखाडी कापडाखाली उभी होती. काळी, चौकोनी, अमेरिकन, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची, टर्बोवाली. गाडीच्याच धुराच्या जोरावर आत एक पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो, मग गाडी अशी सुटते की पोटातलं पाणी पाठीला लागतं. जगात आता फार थोड्या उरल्यात म्हणे. ज्यांना कळतं ते रस्त्यात थांबून फोटो काढायचे, आणि मग काच खाली होऊन डोक्यावरून ओढणी घेतलेली रत्नागिरीची बाई दिसली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. त्या दिवशी गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला मात्र राहून राहून वाटत होतं, आज हिला कुणी सांगितलं असेल का...

काही आठवड्यांनी नसरीन, म्हणजे आपाची एकुलती एक लेक, माझ्याकडे आली. तिला कॅनडाला परत जायचं होतं, त्याआधी घर रिकामं करून द्यायचं होतं. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, जुन्या गाड्या जमवणारे एक अमिराती गृहस्थ. अट एकच, गाडी कंपनीतून निघाली होती तशी हवी. "अम्मीनं केलेलं सगळं काढायचंय, खाला. ओरिजिनल पार्ट्स घरात कुठे कुठे आहेत, कुठला कशाचा, आय हॅव नो आयडिया. तुम्हालाच माहीत." खरं होतं ते. आपा आणि मी मिळूनच ते गुंडाळून ठेवले होते. म्हणजे तिच्या हातचं जे जे त्या गाडीवर होतं, ते एक एक करून मीच उतरवायचं. नात म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ कार." मी म्हटलं, "हो गं बाई, आणि मी जस्ट अ आजी."

या देशात मी आले तेव्हाची शैला आता मला भेटली तर मी तिला एक टपली मारीन. एम.ए. झालेली, नवऱ्याला इंग्रजी पत्रं लिहून देणारी, आणि शेजारी कोकणातली मुसलमान बाई राहते हे कळल्यावर आईला फोनवर "आपल्यात मिसळण्यासारखं नाही कुणी" असं सांगणारी. आल्याच आठवड्यात मी पुण्याहून आणलेला लाकडी गणपती टांगायला भिंतीत खिळा ठोकायला बसले. तिसऱ्या घावाला दार वाजलं. दारात उंच, सावळी सकीनाआपा. "नको गो ठोकू. घर सोडताना मालक भोकं मोजतो," म्हणाली, आणि स्वतःच्या घरून दोरा आणून तिनं गणपती पडद्याच्या दांडीला असा बांधला की पडदा ओढला की गणपतीही थोडा सरकायचा. मी मनात म्हटलं, काय अडाणी बाई. तो गणपती आमच्या तिन्ही घरांत तसाच सरकत आला.

गाडी तिच्या नवऱ्याची, युसूफभाईंची. रोल्लाच्या बाजारात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. परत निघालेल्या एका अमेरिकन इंजिनीअरकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. पण युसूफभाई फिरवायचे आणि आपा सांभाळायची. इथल्या उन्हात ती गाडी जशी आली तशी चालवणं म्हणजे तिला मारणंच. मग आपानं इंजिन गार ठेवायला मोठा पंखा बसवला, हवेचा फिल्टर मोकळा श्वास घेणारा घातला, टर्बोचा दाब दाखवणारं घड्याळ लावलं. पण सगळं असं, की उद्या काढलं तर काही होतं हे कळू नये. घड्याळ पट्टीनं आवळलेलं. नव्या वायरी वेगळ्या, त्यांची जोडणी वेगळी, मूळ वायरीला कात्री म्हणून लावायची नाही. काढलेला प्रत्येक भाग पुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या कपड्यात गुंडाळून पलंगाखाली. "भोक पाडलंस की ती तुझीच झाली," ती म्हणायची. "मग दुसऱ्या कुणाची होत नाय. आपल्यामागून येईल त्याला ती पुरी मिळाली पाहिजे." मी विचारलं, "मग तुझी कधी होणार?" त्यावर ती हसली होती आणि तिनं मला पाना आणायला पिटाळलं होतं.

युसूफभाई अचानक गेले. आपा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. दीर म्हणाले, गाडी विकून टाकू, बाईला काय करायची. ती म्हणाली, "इद्दत संपू दे, मग बोलू." पण गाडी उभी ठेवली तर बॅटरी बसणार, रबरं सुकणार, तेल खाली उतरून बसणार. मला नुकतंच लायसन मिळालं होतं, चौथ्या खेपेला. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. दर शुक्रवारी सकाळी मी खाली जायचे आणि ती पहिल्या मजल्याच्या खिडकीत, पडद्याआड. मला फक्त आवाज यायचा. "आधी नुसती चालू कर. पाय नको देऊ गो... घड्याळ बघ... आता बिल्डिंगला फेरी मार. सावकाश. यल्ला, चल." मी त्या राक्षसी इंजिनाला बैलगाडीच्या चालीनं इमारतीभोवती फिरवायचे आणि मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सांगायचे, "मी सध्या टर्बो चालवते." कुणी विचारलं की टर्बो म्हणजे काय, तर मी म्हणायचे, "ते चालवल्याशिवाय नाही कळायचं." मलाही कळलेलं नव्हतं.

त्यातच दसरा आला. आता दसऱ्याला गाडीची पूजा करायची हे माझ्या हाडात. आमची गाडी ह्यांनी ऑफिसला नेलेली. माझ्या हातात किल्ली होती ती आपाच्या गाडीची. मी विचार न करता ताट घेऊन खाली गेले, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली. आणि मग वर बघितलं. इद्दतीतल्या मुसलमान बाईच्या, तिच्या मयत नवऱ्याच्या गाडीला मी माळ घालून मोकळी झाले होते. पडदा हलला. वरून आवाज आला, "शैला, ता निघंल ना?"

"निघेल आपा. सगळं निघेल. आत्ता पुसते."

"निघणारं असंल तर राहू दे. संध्याकाळी पूस. सुक्या फडक्यानं नको, रंगाला चरे पडतील."

वर पडद्याच्या फटीत ती हसत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. दिरांना कळलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. संध्याकाळी मी ओल्या मऊ फडक्यानं हळद पुसली, ती वरून कोपरे दाखवत होती. इद्दत संपली तशी ती खाली उतरली, चालकाच्या सीटवर बसली आणि दिरांना म्हणाली, "आता बोला."

पुढची सगळी वर्षं मी तिच्या शेजारच्या सीटवर होते. गाडी चालवायला तिनंच मला खरं शिकवलं, पण मला आवडायचं ते गाडी थांबल्यावरचं. टर्बोची गाडी थांबवली की लगेच बंद करायची नसते. आतला पंखा लालबुंद तापलेला असतो. तेल फिरत राहिलं नाही तर ते तिथेच करपतं. म्हणून पोचल्यावर इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं नुसतं बसायचं. सामानाच्या पिशव्या मांडीवर, एसीचा वारा तोंडावर. घरात जे बोलता येत नाही ते आम्ही त्या दोन मिनिटांत बोललो. ह्यांची नोकरी गेली ते मी मुलांच्या आधी तिला तिथे सांगितलं. नसरीन कॅनडाला स्थायिक होणार हे तिनं मला तिथे सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत. ह्यांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधून ती मला घरी आणायची. तेव्हाही आम्ही दोन मिनिटं बसायचो. गेल्या वर्षी एकदा ती म्हणाली, "माझ्यामागं हिला मूळची कर. पोरीला काय माहीत नाय." मी म्हटलं, "आधी मी जाते. मग तू मला मूळची कर, बत्तीस दात आणि काळे केस." ती हसली, किल्ली फिरवली आणि विषय संपला. मला वाटलं, संपला.

अल कुसैसच्या गॅरेजात मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, शेजारी आपाच्या पलंगाखालची गाठोडी. फिल्टरचा मूळ डबा तिच्या निळ्या कुर्त्यात होता, पंखा नसरीनच्या शाळेच्या ओढणीत. माणसं काम करत होती, मी सांगत होते. आपाचा पंखा उतरला. फिल्टर उतरला. घड्याळाची पट्टी सैल केली, घड्याळ हातात आलं आणि मी मागची जागा चष्मा लावून बघितली. काही नव्हतं. ओरखडासुद्धा नाही. वायरींची जोडणी सुटली, वेणी सुटावी तशी. जितकी गाडी मूळची होत होती तितकी मी अस्वस्थ होत होते. एवढी वर्षं, आणि ही बाई इथे होती असं सांगणारं काही मागे राहू नये? आपा, इतकं कशाला गं नीटनेटकं राहायचं...

शेवटी छत राहिलं. इथल्या उकाड्यात छताच्या कापडाचा डिंक सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. आपानं ते ओढणीच्या टाचण्यांनी वर धरलं होतं, मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या, चांदण्यांसारख्या. "ह्याला भोक म्हणत नाय," असा तिचा स्वतःपुरता कायदा होता. मी मागच्या सीटवर बसून एक एक टाचणी काढत गेले. अर्ध्या टाचण्या काढून झाल्यावर कापडच्या कापड खाली आलं आणि मी त्याच्या आत गेले. बाहेरून नसरीन म्हणाली, "खाला, आर यू ओके?" मी म्हटलं, "थांब जरा." आत अंधार होता, जुन्या फोमचा आणि तिच्या अत्तराचा वास होता. मेथी निवडताना जे राहून गेलं होतं ते मी तिथे उरकून घेतलं. मग चष्मा पुसला आणि बाहेर आले. छताला नवीन कापड लागलं. ते मूळच्या रंगाचं होतं.

गिऱ्हाईक आले ते साठीचे, पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा घातलेले, इथल्या जुन्या लोकांसारखं छान हिंदी बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडून एक एक गोष्ट तपासली, खाली वाकून बघितलं, मान डोलावली. "माशाल्ला. कोई होल नहीं, कोई कट नहीं." मग आत बसले आणि त्यांचा हात स्टिअरिंगवर थांबला. वरच्या डाव्या बाजूला कातडं झिजून आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, शिवण चपटी होऊन आत बसली होती. तिचा हात कायम तिथे असायचा, त्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं. नसरीन संकोचून म्हणाली, "हम नया लेदर लगवा देंगे, नो प्रॉब्लेम."

"नहीं बेटी," ते म्हणाले. "ये ओरिजिनल है. इसको कोई हाथ नहीं लगाएगा. मेरे पास भी नहीं."

त्यांना त्यातलं काय कळलं होतं मला ठाऊक नाही. जमवणाऱ्यांचा तसा नियमच असतो म्हणे, मूळ वस्तू झिजलेली असली तरी बदलायची नाही. मी विचारलं, मी जरा बसू का. ते लगेच उतरले, दार धरून उभे राहिले. "तफद्दली, माम. बैठिए."

मी चालकाच्या सीटवर बसले आणि अंगठा त्या जागी न्यायला गेले. पोचेना. आपा माझ्यापेक्षा हातभर उंच. मी सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकले, पाय लोंबकळले, पदर दारात अडकला, अशी मी म्हातारी त्या स्टिअरिंगवर जवळजवळ ओणवी झाले तेव्हा अंगठा टेकला. कातडं गार होतं. किल्ली त्या गृहस्थांच्या हातात होती. ते किल्ली हातात धरून उभे राहिले, नसरीन फोनकडे बघत उभी राहिली, आणि मी आमची दोन मिनिटं बसून घेतली.