चिंचेखाली उभी केलेली सायकल

आमच्या कोरेगाव भागात रस्त्यावर माणसाचं रक्त सांडलं तर ते तसंच राहू देत नाहीत. घागरीनं पाणी ओततात, वर माती टाकतात, काचा वेचून बाजूला पुरतात, बैलाच्या खुरात जायला नकोत म्हणून. माझ्या थोरल्या भावाला ट्रकनं उडवलं त्या दिवशीही गावानं हे सगळं मन लावून केलं. चांगुलपणाचा आमच्याकडे कधीच तोटा नव्हता. आग लागो त्या चांगुलपणाला.

दादा पलटणीत ड्रायव्हर होता, सुट्टीवर आलेला. सायकलवरून डाव्या कडेनं बाजाराला निघाला होता. समोरचा ट्रक उसाची बैलगाडी ओलांडायला म्हणून बाहेर आला तो थेट त्याच्या अंगावर. गाडीवान घाबरून बैल हाणत निघून गेला. तो कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या भावकीतले एक काका शेजारच्या रानात होते, तेवढे धावले. त्यांनी जीप अडवली, दादाला साताऱ्याला नेलं. जीप थांबवून ठेवून त्यांनी आणखी एक काम केलं. सायकल वाटेत नको म्हणून उचलून रस्त्यापलीकडे चिंचेच्या सावलीत उभी केली.

पोलीस संध्याकाळी आले. रक्त नाही, काच नाही, चाकाची खूण नाही. सायकल मात्र होती, दादा जात होता त्या दिशेच्या उजव्या हाताला, म्हणजे चुकीच्या बाजूला. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं.

दादाचा पाय गुडघ्याखाली कापला. पलटणीनं घरी पाठवलं. भरपाई मिळाली की पिठाची चक्की टाकायची, एवढ्या एका गोष्टीवर तो अंथरुणातून उठला. पण त्या काळी ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा आपणच सिद्ध करायचा असे. पाय गेला हा काही पुरावा नव्हता. आमचे वकील म्हणाले, "सायकल हलवली हे सांगणारा माणूस आणा."

मी काकांच्या दारात गेले. "काका, एवढं कोर्टात सांगा."

"आगं, पुरावा हलवला म्हणून मलाच आत घालतील की. आमी कवा कोर्टाची पायरी चढलो न्हाई." आणि वर म्हणाले, "तारखेला येतो मी दादासंगं. त्येला एकट्याला कसं सोडायचं?"

आले खरेच. धुवट धोतर नेसून, भाकरीचं फडकं घेऊन मागच्या बाकावर बसले.

ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलानं दादाला विचारलं, "सायकल हलवली म्हणता, मग हलवली कोणी?"

दादाला सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात त्यानंच मला सांगितलं होतं, "पडल्या पडल्या बघत हुतो मी, काकांनी उचलली." आता त्यानं मागच्या बाकाकडे पाहिलं. काका मान खाली घालून फडक्याची गाठ चाचपत होते. बोल की रे, एकदा नाव घे.

"म्हाईत न्हाई, साहेब," दादा म्हणाला.

निकाल लागायचा तसाच लागला. सायकलवाला स्वतःच चुकीच्या बाजूनं चालला होता म्हणे. बर्फातल्या घाटांतून फौजेचे ट्रक चालवलेल्या माणसाला रस्त्याची डावी-उजवी कळत नव्हती! ट्रकवाला कोर्टाच्या आवारात चहा पीत उभा होता. त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एसटीत मी दादाच्या कानाशी लागले. "का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नेलं नसतं तर तितंच संपलो असतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला पोलिसांच्या दारात उभा करू व्हय?"

"आणि चक्की?"

त्यानं कुबड्या माझ्या हातात दिल्या. फाटा आला होता.

फाट्यावर उतरताना पायरी उंच होती. काका आधी उतरले, पाठ वाकवून म्हणाले, "ये रं माझ्या वाघा." दादानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. काका त्याला पाठुंगळीला घेऊन गावाच्या वाटेला लागले, दोघं उसाच्या तोडणीबद्दल काहीबाही बोलत होते. मी मागून त्याच्या कुबड्या घेऊन चालले होते. त्या ट्रकवाल्याइतकाच मला त्या दोघांचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.