शांत झालेला कंप्युटर
कंप्युटरच्या जाळीतली धूळ झटकताना तो गरम वास आला की उज्जैनमधली एक दुपार आठवते. मी घरीच ॲनिमेशनची कामं करायचो आणि कंप्युटरच्या पंख्याच्या घरघरीला बाबा वैतागायचे, "ती चक्की बंद कर रे!" शेवटी मी माधवनगरच्या दुकानात कंप्युटर पाण्याने थंड ठेवणारा लिक्विड कूलर बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भैया, सादा पंखा ले लो. इसमें पानी घूमता है, कभी लीक हुआ तो?" तरी बाबांसाठी मी तो महागडा कूलरच घेतला. तो बसवला आणि खोली एकदम शांत झाली. दुसऱ्याच दिवशी बाबांचे बँकेतले जुने साहेब अचानक घरी आले. मी दार लावून काम करत होतो, पण आवाज नाही म्हणून बाबांना वाटलं, मी बाहेर गेलोय. "मुलगा काय करतो?" साहेबांनी विचारलं. "पुण्यात असतो, मोठ्या कंपनीत," बाबा सहज म्हणाले. साहेब जाईपर्यंत मी खोकलासुद्धा दाबून बसलो. मग जास्तीची खुर्ची आत ठेवायला बाबांनी दार उघडलं आणि मला पाहिलं. "घरीच होतास?" एवढंच म्हणून ते खुर्ची घेऊन परत फिरले. आज मी खरंच पुण्यात नोकरी करतो. बाबा सगळ्यांना ते कौतुकाने सांगतात, आणि मला ते ऐकवत नाही.